टाकीच्या तोंडाशी गजाली

"येतंय गो आये. दार लावन घे," असं तो विमानाच्या पंखाच्या आतून म्हणाला, आणि माझ्या सुनेला कळलं की हा माणूस बाहेर येत नाहीये, निघाला आहे.

पंखाच्या आत म्हणजे पंखातल्या इंधनाच्या टाकीत. टाकी रिकामी करून तिच्याबरोबर काम करणारा तो मुलगा दुरुस्तीसाठी आत सरपटत गेला होता. माझी सून बाहेर टाकीच्या तोंडाशी उभी होती. आतल्या माणसावर लक्ष ठेवायचं, थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची आणि त्याची ओ ऐकायची, एवढंच त्या दिवशी तिचं काम होतं. त्याआधीच्या हाकेला त्यानं नुसतं "येतंय" म्हटलं होतं. मागे उभ्या असलेल्या साहेबानं विचारलं, काय म्हणतो? हिनं सांगितलं, येतोय म्हणतो. साहेब म्हणाला, मग येऊ दे. आणि दोघंही त्याचे पाय दिसायची वाट बघत राहिले.

पाय दिसले नाहीत. हिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा ती "आये" आली आणि ते दार आलं. टाकीला दार नसतं. दार होतं दोडामार्गला, त्याच्या घराला, आणि त्याची आई त्या दाराच्या आत. हिनं साहेबाला चुकीचं सांगितलं होतं. शब्द बरोबर होता, अर्थ उलटा होता.

मी तिथं नव्हते. मी त्याच शहरात, त्यांच्या फ्लॅटमध्ये, दुपारची नातीला झोपवत होते. हे सगळं मी आधी सुनेकडून ऐकलं आणि मग त्या मुलाकडून. दोघांचं जेवढं जुळलं तेवढंच लिहिते. त्याला बरंचसं आठवत नाही आणि तिला काहीच विसरता येत नाही, त्यामुळे तिचंच जास्त आहे.

माझी सून नांदगावची. हायवेला लागून तिच्या बापाचं ट्रकांचं गॅरेज आहे. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा पोहे तिच्या आईनं आणले. ही मागच्या दारी हात धुऊन आली, तरी नखांत काळं होतंच. परत येताना गाडीत माझी नणंद म्हणाली, "पोरगी ट्रकाखालची दिसता."

मी म्हटलं, "ट्रकाखालची न्हय, इमानाखालची आसा."

तेव्हा ती विमान दुरुस्तीचं शिकून मुंबईत कामाला लागली होती. माझा मुलगा साधा, गोदामातला माल उतरवून घेणारा. त्याला ती का आवडली ते दिसत होतं. तिला तो का आवडला ते मी विचारलं नाही. उगाच तिनं फेरविचार केला असता.

लग्नानंतर तिला आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर नोकरी मिळाली. ती गेली आणि मागून नवरा गेला. बायकोच्या पाठी गेलेला नवरा आमच्या वाडीनं त्याआधी पाहिला नव्हता, त्यामुळे वाडीला काही दिवस बोलायला विषय मिळाला. मग आमच्याच जिल्ह्यात चिपीला विमान उतरायला लागलं आणि सगळे त्याच्याबद्दल बोलायला लागले.

तिथं गेल्यावर तिला एक गोष्ट कळली. आपल्याकडचं शिक्षण तिथं धरतात, पण पुरं धरत नाहीत. परीक्षा पुन्हा द्यायच्या. तोपर्यंत काम तिनं करायचं आणि त्याखाली सही दुसऱ्यानं करायची. विमानाच्या कामात सही म्हणजे मोठी गोष्ट. विमान वर गेल्यावर काही झालं तर ज्याची सही त्याची मान. मुंबईत तिच्या हाताखाली माणसं होती, तिथं ती पुन्हा रांगेच्या शेवटी उभी. बोल्ट तिनं आवळायचा, दुसऱ्यानं येऊन बघायचा, मग सही. तो दुसरा कधी तिच्यापेक्षा वयानं लहान असायचा.

मी तिला विचारलं होतं, "राग येणा नाय तुका?"

"येता," ती म्हणाली. "पण रागान बोल्ट आवळलंय तर जास्त आवळतलो. म्हणान घराक येवन रागावतंय."

आणि खरंच, ती घरी येऊन नवऱ्यावर रागवायची. तोही ऐकून घ्यायचा. हे एक मी त्याचं मानते.

मी गेले ती नात झाल्यावर. सुनेला कामावर परत जायचं होतं आणि मूल सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. मी चौथी शिकलेली, मालवणच्या पुढं फार तर मुंबई पाहिलेली. तिथं उतरले तेव्हा उन्हानं डोळेच उघडेनात. पण घरात थंड होतं, गॅस होता, आणि खालच्या दुकानात उकडा तांदूळ मिळत होता. मग मला काही कमी पडलं नाही.

कामावर जाताना ती अंगावरचं सगळं काढायची. बांगड्या, अंगठी, कानातलं, मंगळसूत्र. विमानात कुठं काही पडलं, अडकलं, तर ते शोधेपर्यंत विमान हलवत नाहीत. मंगळसूत्र ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लावून जायची. फोनवर माझ्या नणंदेला हे कुठून तरी कळलं आणि तिनं विचारलं, "गळ्यात काय नसताना भायर जाता ती?"

मी सांगितलं, "गळ्यातला खिळ्याक आसा आणि न्हवरो सोफ्यार आसा. दोगय जाग्यार आसत."

ती ज्या पद्धतीनं काम करायची ती मला हळूहळू कळत गेली, कारण तिनं घरही त्याच पद्धतीनं लावलं होतं. त्यांच्याकडे प्रत्येक हत्याराला फळीवर ठरलेली जागा असते आणि त्या जागेवर त्याचाच आकार रंगवलेला असतो. पाना काढला की मागे त्याची सावली राहते. पाळी संपताना एकही सावली उघडी दिसता कामा नये. हिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर झारा, पळी, किसणी, सांडशी अशीच टांगलेली. मी झारा चुकीच्या खिळ्याला लावला तर ती बोलायची नाही, उचलून जागेवर लावायची. न बोलता लावायची याचा मला जास्त राग यायचा. पुढं माझा हात न बघता झाऱ्याला जायला लागला आणि राग कधी गेला ते कळलं नाही. आता गावच्या घरीसुद्धा मी खिळे मारून घेतले आहेत.

तो दोडामार्गचा मुलगा तिच्याच हँगरमध्ये होता. हँगर म्हणजे विमानं दुरुस्तीला लावतात ती अवाढव्य शेड. त्याच्या घरी केळीची आणि थोडी रबराची बाग. बाप लहानपणीच गेलेला, घरी आई एकटी. आधी तो रोज बसनं गोव्याला कामाला जायचा, तिथं विमानाच्या कामात शिरला आणि मग इकडे आला. त्याचंही शिक्षण हिच्यासारखंच अर्धं धरलेलं. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला यायचा. मला मावशी म्हणायचा. मासे खाल्ल्यावर हात धुवायला वेळ लावायचा, कारण बोटांचा वास जाऊ नये असं त्याला वाटायचं. असं तो स्वतःच म्हणाला.

निघताना तो "येतंय मावशे" म्हणून उठायचा, दारापर्यंत जायचा, आणि तिथं उभं राहून पुन्हा गजाली, म्हणजे गप्पा, सुरू. एक चप्पल पायात, एक बाहेर. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे सगळ्याच मराठी घरांत आहे. पण हा येतो म्हणून हलायचाच नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "मेल्या, येतंय येतंय म्हणतंस, जातंस कधी?"

तो म्हणाला, "तुमी अजून 'ये' म्हणूक नाय मावशे. कसो जाव?"

खरं होतं. आमच्याकडे निघणारा "येतंय" म्हणतो आणि घरातल्या कोणी तरी "ये" म्हणावं लागतं. म्हटलं नाही तर माणूस खोळंबतो. त्याच्या आईनं त्याला तसं वळण लावलं होतं. मी "ये बाबा, ये" म्हटलं आणि तो हसत गेला.

आता त्या दुपारचं.

विमानाचं इंधन पंखात भरतात हे मला तिथं गेल्यावर कळलं. रॉकेलच ते, जरा जास्त गाळलेलं. पंखाच्या पोटाला सुपाएवढी भोकं असतात. त्यातून माणूस हात वर करून, अंग चोरून आत शिरतो. आत एकामागून एक खण आहेत आणि त्या खणांतून सरपटत पुढं जायचं. टाकी गळत असली की आत जाऊन जुना लेप खरवडायचा, ती जागा उग्र औषधानं पुसायची आणि नवा लेप लावायचा. आत चांगली हवा राहावी म्हणून बाहेरून एक जाड पाइप सोडलेला असतो, त्यातून पंखा हवा ढकलत असतो. आतल्याच्या तोंडावर मास्क असतो. आणि तोंडाशी एक माणूस उभा. त्यानं जागा सोडायची नाही आणि काहीही झालं तरी आत जायचं नाही. हा नियम त्यांना पहिल्या दिवशी शिकवतात आणि मग पुन्हा पुन्हा शिकवतात.

कामावर दोघंही इंग्रजीच बोलत. तिथं दहा देशांची माणसं, त्यामुळे तसा नियमच होता. हाकेला तो इंग्रजीत ओ द्यायचा, कितव्या खणात आहे ते सांगायचा. त्या दिवशी त्यानं मध्येच मालवणीत "येतंय" म्हटलं. ही म्हणते, तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी म्हणते, कोणाच्याही लक्षात आलं नसतं. आपल्या माणसाशी आपल्या बोलीत कोण बोलत नाही? हिला वाटलं, कंटाळला, येतोय. आणि शब्दाला शब्द ठेवून तिनं साहेबाला तेच सांगितलं.

आणि मग ते दार.

ती साहेबाकडे वळली आणि म्हणाली, तो येत नाहीये, तो जातोय. साहेबाला यातलं काय कळलं असेल देव जाणे. एका मिनिटापूर्वी हीच बाई तो येतोय म्हणत होती. धोक्याची घंटा वाजली की अख्खं हँगर थांबतं, काम सोडून माणसं पळतात. उगाच वाजवली तर वाजवायला लावणाऱ्याचं नाव खराब होतं, आणि हिची तर अजून सहीसुद्धा चालत नव्हती. पण साहेबानं एक प्रश्न विचारला नाही. हिच्या तोंडाकडे बघितलं, म्हणाला, तू आत जायचं नाहीस, त्याला बोलता ठेव, आणि घंटेकडे धावला. त्या माणसाबद्दल मला आदर आहे. आमच्या घरातल्या पुरुषांना बाईचं म्हणणं पटायच्या आधी चहा लागतो.

आता ती तोंडाशी एकटी. तिथल्या सगळ्यांत ती बारीक. तो कितव्या खणात आहे ते तिला ठाऊक होतं. आत शिरायला तिला काहीच वेळ लागला नसता. ती म्हणाली, "आई, माजे पाय आपसूक वर जाय होते." तिनं दोन्ही हातांनी त्या भोकाची कड धरली, डोकं आत घातलं, आणि पाय जमिनीवर ठेवले.

हाक मारली तर तो पुन्हा तेच. "येतंय गो."

"ये" म्हणायचं नव्हतं. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते कुठल्या शिक्षणात नसतं. तिनं त्याच्या आईच्या आवाजात विचारलं, "खंय चललंस रे?"

"गाडी येतली."

"जेवलंस?"

"नाय. उशीर झालो."

"जेवन जा. कुळथाची पिठी केलंय, भात केलंय."

आतून काही नाही. मग, "पिठी नको."

"कित्याक नको?"

"नको."

"सकाळपासून पोटात काय नाय आणि नको म्हणतंस? ताट वाढलंय. बस."

"आये, पिठी माका नको!"

आवाज चढला. ही म्हणते, त्या चढलेल्या आवाजानं तिला जो धीर आला तसा कशानंच आला नाही. तिनं पिठी सोडली नाही. पिठीत लसूण घातलीय म्हणाली, कोकम घातलंय म्हणाली, गरम आहे म्हणाली. तो प्रत्येक वेळी नको म्हणायचा, रागानं. मागे घंटा वाजत होती, माणसं धावत होती, हवेचा पंखा घरघरत होता, आणि ही पंखात डोकं घालून एका माणसाला जेवायला बसवत होती.

मग त्याचा राग संपत आला. "नको"सुद्धा अर्धंच यायला लागलं. तेव्हा तिनं विचारलं, "मगे काय व्हया तुका?"

बराच वेळ काही आलं नाही. ही ओरडली, "अरे सांग, काय व्हया?"

"बांगडो."

"बांगडो तळूचो आसा. तवो तापत ठेवलंय. हलू नको थंयसून."

"गाडी..."

"गाडी थांबता. ड्रायव्हर आपलोच आसा. मी सांगलंय तेका."

तोवर सुटकेची माणसं आली. पाठीला हवेची नळकांडी घेऊन भोकातून आत जाता येत नाही. त्यांनी नळकांडी आधी आत सरकवली, मग स्वतः सरकले. त्यांच्यातल्या एकानं हिला बाजूला केलं. बाजूला झाल्यावरही ती बाहेरून पंखाच्या पत्र्यावर थापा मारत ओरडत होती, एक बाजू झाली, उलटवतंय, आता दुसरी. काय उलटवतेय ते तिथं कोणाला कळत नव्हतं. तो आतून शेवटचं काय म्हणाला ते त्या सुटकेच्या माणसांनी ऐकलं, पण त्यांना ते कळायचं नाही.

पायांकडून त्याला बाहेर काढला. तोंड राखेसारखं. डोळे अर्धे उघडे. हवेचा पाइप आत एका वळणावर दुमडला गेला होता आणि त्याच्यापर्यंत हवा पोचतच नव्हती. मास्क सरकून हनुवटीला आला होता. त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलं.

सून संध्याकाळी घरी आली. तिनं आंघोळ केली, मुलीला घेतलं आणि काय झालं ते उभ्यानंच सांगितलं. दोन्ही तळव्यांवर लांब चिरा होत्या, त्या भोकाच्या कडेच्या. मी हळद लावायला लागले तर म्हणाली, तिथं औषध लावलंय. मग म्हणाली, "आई, बांगडे आसत घरात?"

"नाय."

"हाडूक सांगा. तेका कबूल केलंय."

तिचा नवरा उठला आणि बांगडे आणायला गेला. इस्पितळात दोन दिवस त्याला तोंडानं काही देत नव्हते. ते बांगडे आम्हीच खाल्ले. त्याला बसता यायला लागल्यावर तिनं पुन्हा तळले आणि डब्यातून नेले. त्याला बांगड्याचं काही आठवत नव्हतं. पिठीचं आठवत होतं. "मावशे, माका वाटला माजी आवस येडी झाली," तो मला नंतर म्हणाला, "नको नको म्हणतंय तरी वाडता."

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ती कामावर गेली. मी म्हटलं, एक दिवस राहा. ती म्हणाली, आज राहिले तर उद्या जाणार नाही. चौकशी झाली, ती सगळं सांगून आली. आपण आधी चुकीचं सांगितलं होतं तेही सांगितलं. त्यानंतर त्या हँगरमध्ये साहेबानं ठरवून टाकलं की आतल्यानं येतोय म्हणायचं नाही, कुठल्याच भाषेत नाही. कुठल्या खणात आहे ते सांगायचं, किंवा बाहेर यायचं. मधलं काही नाही. पुढं तिची परीक्षा झाली. आता तिची सही चालते. तिच्या सहीवर विमानं जातात. एकदा माझं परतीचं विमान तिच्या हँगरातून आलेलं होतं, आणि मी पूर्ण प्रवास झोपून केला. एरवी मी बसमध्येसुद्धा झोपत नाही.

मी गावी परतले तेव्हा गोष्ट माझ्या आधी पोचली होती. समुद्र ओलांडून येताना ती बरीच बदलली होती. शेजारीण कुंपणाशी आली, कोंबड्या हाकलायच्या निमित्तानं. म्हणाली, "खरा काय गो? थंय माणूस मराक टेकलो नि तुजी सून भायर उबी रवान गजाली मारी होती?"

मी म्हटलं, "होय. गजालीच मारल्यान."

"आत गेली नाय?"

"नाय."

"आमी असतव तर गेलो असतव हां," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, "तुज्या लग्नाआदी आमच्या बावीत कोण गेललो, म्हायत आसा तुका?"

ते तिला ठाऊक होतं, वाडीत सगळ्यांना आहे. पण इथं लिहायला हवं. आमच्या जांभ्याच्या विहिरीत गाळ उपसायला डिझेलचं इंजिन उतरवलं होतं. धूर खाली साचला. गडी इंजिन बंद करायला उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला माझा दीर उतरला. त्यानंही विचार केला नाही, तो धावला आणि उतरला. तिसरा माझा नवरा उतरत होता. त्याला चौघांनी धरून जमिनीवर पाडला आणि त्याच्या अंगावर बसले. त्या चौघांना तो मरेपर्यंत शिव्या देत होता. लग्नकार्यात ते समोर आले की उठून जायचा. त्याच्या शिव्या खात ते चौघं म्हातारे झाले. त्यांना कोणी कधी शहाणे म्हटलं नाही. मी मात्र त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी दर चतुर्थीला नारळ देत आले, का ते न सांगता.

मी सुनेला एकदा विचारलं होतं, "त्या येळाक आमची बाव आठवली काय गो तुका?"

मला वाटलं होय म्हणेल. ती म्हणाली, "नाय. काय एक आठवला नाय. हातांक कळ मारी होती, येवडाच."

शेजारणीला मी सांगितलं, "आमच्या घरातल्या पुरुषांका धरून ठेवक चार माणसा लागली. माजी सून आपणाकच धरून रवली. जा, कोंबडी बग तुजी, माज्या अळवात गेली."

पुढच्या सुट्टीत सून आणि मुलगा गावी आले, तेव्हा तो दोडामार्गचा मुलगाही घरी आलेला होता. एक दिवस सकाळी तो आणि त्याची आई आमच्या खळ्यात हजर. खळा म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. बाई उंच, सुकलेली, पाठ ताठ. मुलाच्या खांद्यावर केळीचा घड. तिनं पाणी घेतलं, चहा घेतला, माझ्या नातीच्या हातात काहीतरी ठेवलं, आणि मग सुनेला समोर बसवली. शेजारीण कुंपणाशी आलीच होती.

"तू भायर होतंस?" बाईनं विचारलं.

"होय."

"आत गेलंस नाय."

"नाय, काकी."

मुलगा पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत होता. मला वाटलं आता ही काहीतरी वाईट बोलणार आणि मला तिला खळ्यातून उठवावी लागणार. ती आई होती, तिला हक्क होता, पण खळा माझा होता.

"माज्या नावान बोललंस तू?"

"होय."

"काय म्हटलंस?"

"जेवन जा म्हटलंय. पिठी-भात केलंय म्हटलंय."

"पिठी?" बाईचा आवाज एकदम बदलला. "ह्याका पिठी? अगो, ह्यो जल्मात पिठी खाणा नाय! ल्हान होतो तेव्हा ताट उडयल्यान होता पिठीचा!"

"म्हणानच तर भांडा होतो," सून म्हणाली.

बाईनं तिच्याकडे बघितलं. मग मुलाकडे वळली आणि त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो अंगणात दोन पावलं पुढं गेला. "आणि तू! आवस येवडा बोलवता, ताट वाडता, तर जेवक काय धाड भरली तुका?" आणि मग ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही. सून उठून आत गेली आणि परात मांडल्याचा आवाज आला, विनाकारण, कारण त्या दिवशी भाकऱ्या मी आधीच केल्या होत्या.

ती दोघं जेवून निघाली. जेवायला बांगडा होता, तळलेला आणि तिखल्याच्या दाट रश्शातला. निघताना बाई सुनेच्या हाताचे तळवे उलटून बघून गेली. चिरा आता पांढऱ्या झाल्या आहेत. तोंडानं तिनं आभार मानले नाहीत. मानले असते तर मला बरं वाटलं नसतं.

तो खळ्याच्या टोकाला थांबला. एक चप्पल पायात, एक हातात. "येतंय मावशे," म्हणाला. मी सुनेकडे बघितलं. मुलाची आई पुढं गेली होती ती तिथंच थांबली. अजून कोणी "ये" म्हटलं नव्हतं, आणि तो तसाच उभा, खोळंबलेला.

"ये रे," सून म्हणाली. "पण पोचलंस की फोन कर."

गाडी वेळेवर होती. त्यानं पोचल्यावर फोन केला.

आमच्या विहिरीत दोघं उतरले होते, ते दोघं मेले. त्या टाकीत एक शिरला होता, तो जगला. बाहेर माझी सून होती. तीही जगली.